ये-जा : निरंक

वरची वस्ती, मार्गासनी
१२ जानेवारी २०२५

चि. सोमा यास आक्काचा आशीर्वाद.

पत्र तुजी भाचेसून मोहिनी लिवतीय, पर बोलनं माजं हाय. तिला सांगितलंय, मी बोलते तसंच लिव, वर मास्तरीनपना करू नको. फोन का करीत न्हाई ते सांगते. हितं रेंज म्हंजी देवाचं दर्शन, खडकावर चढावं तवा. आन गुडघं धरून चढून लावला की तू म्हनतोस, "आक्का, मीटिंगमध्ये हाय." कागदाला तसं म्हनता येत न्हाई. माजा रोहिदास टेम्पो घिऊन भोरात येतो, त्याच्यासंगट धाडते.

इचारायचं एकच हाय. जुन्या हायवेच्या बोगद्यापाशी जेसीबी लागल्यात. बोगदा जतन करनार आन भवतीनं झाडांचा बगीचा करनार, वन उद्यान का काय म्हनं. करा बापडे. नवा हायवे झाल्यापास्नं तितं वटवागळं आन आमी, दुसरं जातंय कोन? पर होळी झाली की आमाला मेंढरं घिऊन त्याच बोगद्यातनं भाटघरच्या अंगाला उतरायचं असतं. धरनाचं पानी आटत जातं तसं मागं हिरवं गवत उगवतं, त्यावर आमचं तीन म्हयनं निघत्यात. खालचं शेतकरी खतासाठी वावरात मेंढरं बसवायला वाट बघत असत्यात. हितं वर चैतात काडी न्हाई का घोटभर पानी न्हाई. ती वाट गेली तर मेंढरं इकावी लागत्याल, येवढं सरळ हाय.

तू त्याच कामावर हाईस म्हून इचारते. गेल्या आषाढात त्या मानसिंग सायबाला घिऊन तूच वस्तीवर आलतास, पाहनी करायला. सायेब दाजीस्नी सवाल इचारीत हुता आन तू मांडीवर पुठ्ठा घिऊन लिवीत हुतास. मला बरं वाटलं, लिवनारा आपला हाय. तर सायबाला इचार आन कळीव, आमची वाट राहनार का न्हाई.

तुजी आक्का
भामाबाई

ता. क. मामांना माझा नमस्कार. आत्याबाई "जेसीबी" म्हणाल्या तिथं आणखी एक शब्द होता, तो मी गाळला. – मोहिनी

*

भोर
२० जानेवारी २०२५

प्रिय अक्का,

पत्र मिळालं. रोहिदासनं ते ऑफिसात येऊन सगळ्यांसमोर माझ्या हातात दिलं. पुढच्या वेळी गेटवर दे म्हणावं, मी घेईन.

तू उगाच धास्ती घेतली आहेस. एकदा सगळं तयार झालं की तुलाच कौतुक वाटेल बघ. शंभर वर्षांपूर्वी हातानं सुरुंग भरून फोडलेला बोगदा आहे हा. त्याचा दगडन् दगड तसाच ठेवणार आहोत. आत मंद पिवळे दिवे, भिंतींवर जुने फोटो, दोन्ही तोंडांना करंज, बहावा, हिरडा, अशी चार हजार देशी झाडं. पुण्याहून शनिवार-रविवारी माणसं येतील. मोहिनीला पिठलं-भाकरीचा स्टॉल टाकता येईल, मी शब्द टाकीन. आपल्या भागाला इतकी वर्षं कोणी विचारत नव्हतं, आता विचारतायत, तर आपणही थोडा मोठा विचार करायला शिकलं पाहिजे.

वाटेचं मी बघतो. होळीला अजून दोन महिने आहेत. तोवर मात्र दाजींना तिकडं मेंढरं घालू देऊ नकोस. रोपं कोवळी आहेत, एखादं खाल्लं तर ते माझ्यावर येईल.

दाजींना नमस्कार.

तुझा
सोमनाथ

*

वरची वस्ती
१७ मार्च २०२५

चि. सोमा यास आशीर्वाद.

तू बघतो म्हनलास म्हून आमी दोन म्हयनं गप बसलो. धुळवडीच्या दुसऱ्या दिशी बिरोबाचं नाव घिऊन मेंढरं काढली. बोगद्याला ह्ये भलं लोखंडी फाटक! वाचमन म्हनला, "मावशी, उद्घाटन व्हायचंय अजून. मग या, मानसी तीस रुपये तिकीट." म्या म्हनलं, "बाबा, मी बगायला न्हाई आले, मी जायला आले." त्यो हसला. म्हनला, "मेंढराला आत प्रवेश न्हाई, पाटी वाचा." पाटी वाचता आली असती तर तुज्याकडं कागद कशाला धाडला असता?

मेंढरं माघारी वळवली. मेंढराला वाट ठावं असती रं, ती फाटकाला तोंडं लावून उभीच. एकेकाला वढून काढताना माज्या हाताची सालं गेली.

मग तुजं दाजी आन मोहिनी उद्यानाच्या हापिसात गेली. तितं शेफाली म्हून बाई हाय, बोलायला बरी हाय बिचारी. तिनं फाईल उघडून दावली. "बोगद्यातून पाळीव जनावरांची ये-जा : निरंक." दाजीनी इचारलं, निरंक म्हंजी काय? ती म्हनली, "म्हंजी शून्य, काका. कोणी जातच नाही असं."

दाजी तितंच फरशीवर बसलं. म्हनलं, "ह्यो माजाच बोल हाय." घरी आल्यापास्नं भाकरीला हात लावत न्हाईत.

तुला काय सांगायचं, तू बी त्याच वाघरीतला, मेंढरांच्या जाळीपाशी वाढलेला. धनगराला मेंढरं किती असं इचारू न्हाई आन इचारलं तर त्यानं सांगू न्हाई. आकडा तोंडातनं गेला की दिष्ट लागली म्हून समज. आपला बा मरंस्तवर कवा आकडा बोलला का? आपन मोजतच न्हाई, तोंडं वळखतो. कुनी इचारलं तर म्हनायचं, "कुठं काय, न्हाईत." सायबानं इचारलं, "बोगद्यातनं किती मेंढरं जातात?" दाजी म्हनलं, "कुठं काय सायेब, न्हाईत." मागं समदी ब्यां ब्यां करीत हुती, तरी लिवलं निरंक! पर शेरातल्या मानसाला काय ठावं, त्याला दोष न्हाई. तू तितंच हुतास, तुज्या ध्येनात यायला पायजे हुतं, पर आसंल गडबडीत. आता तरी सायबाला समजावून सांग, ह्यो नकार न्हवं, ही आमची रीत हाय. तू सांगितलंस की त्यो ऐकंल.

आक्का

*

भोर
२५ मार्च २०२५

प्रिय अक्का,

तुझ्या पत्रानं वाईट वाटलं. दाजींना म्हणावं, मनाला लावून घेऊ नका, अशा चुका होतात.

साहेबांशी बोलण्याचा प्रयत्न केला, पण ते सध्या उद्घाटनाच्या गडबडीत आहेत. तोंडी सांगून काही होत नसतं. दुरुस्तीचा अर्ज सोबत पाठवतो आहे. त्यात मेंढ्यांची आणि शेळ्यांची एकूण संख्या लिहून खाली दाजींचा अंगठा लागेल. संख्येशिवाय अर्ज घेणार नाहीत. मला कळतं की दाजींना हे जड जाईल. पण अक्का, हे दोन हजार पंचवीस साल आहे. आकडा सांगितल्यानं मेंढरं मरत नाहीत. कागदाला आकडाच कळतो, रीत कळत नाही.

आणखी एक. त्या जुन्या पाहणीच्या कागदाची नक्कल वगैरे मागत बसू नका. त्यातून काही निघणार नाही, उगाच शेफाली मॅडमना त्रास.

तुझा
सोमनाथ

*

वरची वस्ती
६ एप्रिल २०२५

सोमा,

तुजा अर्ज भरून धाडलाय. कसा भरला ते ऐक.

दाजी चार दिस न्हाईच म्हनत हुतं. मोहिनी म्हनली, "मी मोजते, मी परक्या घरची, मला काय व्हनार न्हाई." ते म्हनलं, "नगं, अंगठा माजा तर पाप बी माजं." काल सकाळी वाघरीची जाळी एका कोपऱ्यात वर केली, एकेक मेंढरू बाहीर सोडलं आन दर मेंढरामागं मक्याचा एक दाना मोहिनीच्या पदरात टाकला. तोंड दुसरीकडं करून टाकीत हुतं. ती गाभनी काळी आली तवा दाना हातात धरून उभंच राहिलं. म्या म्हनलं, टाका, आता अर्ध्यात थांबून काय?

मोहिनीनं दानं मोजलं. तिनं लिवायच्या आधी दाजी म्हनलं, "मी बोलतो, मग लिव." आन बोललं. एकशे त्रेसष्ट मेंढरं, एकोनीस शेरडं. साठीचा मानूस जल्मात पयल्यांदा आपला आकडा बोलला, सोमा. अंगठा लावला, वढ्यावर गेलं आन डोक्यावरनं पानी वतून घेतलं, मयताला जाऊन आल्यासारखं.

आता तुज्या हातात हाय. झरा आटलाय. कोकरं वली माती चाटत्यात. आठ दिस वाट बघतो.

आक्का

*

भोर
१२ मे २०२५

प्रिय अक्का,

निरोप धाडूनही फोन करत नाहीस. रोहिदासही नीट बोलत नाही. त्याच्याकडून जेवढं कळलं त्यानं जीव कळवळला. दाजींचा पाय कसा आहे? प्लॅस्टर किती दिवसांचं आहे?

लगेच यायला हवं होतं, कबूल. पण २४ एप्रिलला उद्घाटन होतं, पाहुणे मोठे होते, सगळी जबाबदारी माझ्यावर होती. नंतर रोजची गर्दी. अर्ज मी पुढं सरकवला होता, खोटं बोलत नाही. साहेब म्हणाले, उद्घाटन होऊ दे, मग बघू.

एक विचारू का? रागावू नकोस. कापूरहोळला हायवे ओलांडायची घाई का केलीत? जनावरं घेऊन सहापदरी रस्त्यावर कोण उतरतं? चार दिवस आणखी थांबला असतात तर काहीतरी मार्ग निघाला असता.

दाजींची काळजी घे. रविवारी येण्याचा प्रयत्न करतो.

तुझा
सोमनाथ

*

वरची वस्ती
२० मे २०२५

सोमनाथ,

रविवार येऊन गेला, तू आला न्हाईस. म्होरलाबी तुला जमनार न्हाई असं धरून चालते.

घाई म्हनतोस? आठ म्हनलं आन सोळा दिस थांबलो. सात कोकरं तहानेनं गेली. बावीस तारखेला सकाळी मेंढरं काढली आन बोगदा बंद म्हून वळशानं दुपारी कापूरहोळच्या अलीकडं हायवेवर आलो. रोहिदास म्होरं फडकं हलवीत उभा, दाजी मदी, मी मागं. निम्मी पार झाली. तेवढ्यात येका कंटेनरनं हॉर्न मारला आन म्होरली शेरडं माघारी फिरली. मेंढराची जात तुला ठावं हाय, येक वळलं की समदी वळनार. एकेचाळीस गेली. दाजीनी गाभन्या काळीला वढायला हात घातला, तवा पाय चाकाखाली गावला. ती बी ऱ्हायली न्हाई. डायवर खाली उतरून रडत हुता. दाजी त्या रगतात बसून त्यालाच म्हनत हुतं, "तुजा दोष न्हाई लेकरा, म्या आकडा बोललो."

त्यास्नी आजबी तसंच वाटतंय. मलाबी वाटत हुतं, परवापातूर.

परवा मोहिनी भरपाईच्या कागदासाठी हापिसात गेली आन त्या पाहनीच्या कागदाची नक्कल घिऊन आली. तू मागू नका म्हनलास, म्हूनच तिनं मागितली. पोरगी धा यत्ता शिकलेली हाय, तुज्याइतकी न्हाई, पर डोळं हायत तिला. घरी आल्या आल्या कागद उजेडात धरला. मग ट्रंकेतनं तुजी पत्रं काढली आन शेजारी ठिवली. मला वाचता येत न्हाई, पर मेंढराचं तोंड वळखनारी बाई मी, अक्षराचं तोंड न्हाई वळखनार? तोच आडवा हात, तीच डावीकडं कललेली वळ. म्या समजत हुते, तू नुसतं टिपून घेतलंस आन कागदावरचं सायबानं मागनं लिवलं. "निरंक" तू लिवलंस. खाली बारीक सही बी तुजी.

सायबाला ठावं न्हवतं. तुला ठावं हुतं. तुज्या बानं तुज्यादेखत शंभरदा "कुठं काय, न्हाईत" म्हनलं आसंल. आन मला म्हनतोस, अशा चुका होतात? दाजीस्नी आकडा बोलाया लावलास, त्यास्नी वाटंल त्यांचीच जीभ वंगाळ, आन तू गप? कुंपनानंच शेत खाल्लं, दुसऱ्याच्या नावानं बोंबलू कशाला. शेळी जाती जिवानिशी, खानारा म्हनतो वातड.

म्होरं मी तुला काय काय बोलले ते मोहिनी लिवायला तयार न्हाई. म्या म्हनलं, मग जागा तरी मोकळी सोड.

 

 

ती तुज्यासाठी हाय. येवढंच सांग, का लिवलंस?

भामा

*

भोर
१ जून २०२५

अक्का,

हो. अक्षर माझं आहे.

पाच पत्रं लिहून फाडली. सगळ्यांत कारणं होती. ये-जा दाखवली असती तर सुनावणी लागली असती, सहा महिने गेले असते, कदाचित आराखडाच बदलावा लागला असता आणि माझं कंत्राट जूनमध्ये संपणार होतं. हे सगळं खरं आहे. पण मी त्यासाठी लिहिलं नाही.

दाजी "कुठं काय, न्हाईत" म्हणाले तेव्हा साहेबांनी माझ्याकडं बघून विचारलं, "मागं एवढी मेंढरं दिसतायत आणि हा नाही म्हणतोय. याचा अर्थ काय?" मी म्हटलं, "काय माहीत, सर." ते म्हणाले, "मग तो बोलतोय तेच लिही." मी लिहिलं.

अर्थ सांगितला असता तर तो मला कसा माहीत, हेही सांगावं लागलं असतं. ऑफिसात सगळ्यांना वाटतं की मी भोरच्या कुठल्यातरी मास्तराच्या घरातला आहे. मी कधी तसं म्हटलं नाही, पण कोणी म्हटलं तर नाहीही म्हटलं नाही. त्या दिवशी वस्तीवर येण्याआधी तुला खडकावर बोलावून फोनवर सांगितलं होतं ना, साहेबांसमोर नातं काढू नकोस, नियमात बसत नाही म्हणून? तसा काही नियम नव्हता. तू बिचारीनं तो पाळलास. मला परक्यासारखा चहा दिलास, बशी पुसून.

मला लाज वाटते. तेव्हा तुमची वाटत होती, आता माझी वाटते.

आता करता येईल तेवढं करतो. मला कायम केलंय, माझ्या शब्दाला थोडं वजन आहे. बोगद्याच्या तोंडाशी एखादा धनगर घोंगडी-काठी घेऊन बसवायचं साहेबांच्या मनात आहे, लोकांना ते बघायला आवडतं. दाजींना बसून काम, पायाला त्रास नाही. ते नको असेल तर झाडलोटीच्या दोन जागा आहेत, मोहिनीसाठी बोलून ठेवतो. भरपाईचं मात्र अवघड आहे, कारण कागदावर ये-जाच नाही.

मला माफ कर असं म्हणायची हिंमत होत नाही. पण तू मला लहानाचं मोठं केलंस, मला शाळेत धाडायला स्वतः मेंढरांमागं गेलीस. त्याची आठवण ठेवून काहीतरी लिही. शिव्या लिही, पण लिही.

तुझा
सोमा

*

वरची वस्ती
२८ जून २०२५

सोमनाथ सायेब यांस,

उरलेली मेंढरं लोणंदच्या बाजारात इकली. दाजी आले न्हाईत. रोहिदासनं टेम्पोत भरली, मी फळी धरून उभी हुते. दोन शेरडं दुधाला ठिवल्यात. दाजींचा पाय वाकडा जुळलाय, काठी धरून परसाकडंपातूर जात्यात. तुमचं घोंगडीचं काम त्यास्नी सांगितलं. म्हनलं, "मेंढरं न्हाईत, तर धनगर कसला दावता?" आन भितीकडं तोंड करून निजलं.

तुमचं पत्र मोहिनीनं त्यास्नी वाचून दावलं, दोनदा. त्यांच्या डोस्क्यातनं आकडा काढायचा हुता मला. ते म्हनलं, "पोराला आपली लाज वाटली, म्हंजी आपलीच कायतरी चूक." ऐकलंस का? तुला शिव्या द्यायच्या तर त्यो मानूस तुजी बाजू घेतोय! मला रडू आलं आन रागबी आला, दोन्ही येकदम. त्यास्नी कोन समजावनार, मी हरले.

झाडलोटीचं काम मोहिनी करनार न्हाई, ती पोटुशी हाय. मी करनार. काल गेले हुते. शेफालीबाईनं नाव लिवून घेतलं, वय इचारलं, आन वाचमनाला म्हनली, मावशीला आत फिरवून आन.

लख्ख केलाय बोगदा, खोटं कशाला बोलू. दिवं हायत, गार वारं येतं, आपन बोललो तर आवाज फिरून येतो. मदल्या भितीवर ह्यो मोठा फोटू लावलाय, पुरुषभर. मी बघतच राहिले. दाजी म्होरं, मागं समदी मेंढरं, बोगद्याच्या तोंडातनं बाहीर पडत्यात. रोहिदासच्या लग्नाच्या साली तूच मोबाईलवर काढला हुता. गाभनी काळी तवा कोकरू हुती, दाजींच्या खांद्यावर हाय. वाचमनाला म्हनलं, खाली काय लिवलंय वाच. त्यानं वाचलं, "एकेकाळी या बोगद्यातून धनगर आपली मेंढरे नेत असत."

एकेकाळी! दोन वर्सं न्हाई झाली त्याला. कागदात आमी न्हाई आन भितीवर हाय. मोहिनी म्हनती, ह्यो फोटू घिऊन भांडूया, वकील बघूया. तिला भांडू दे, ती तरनी हाय. मेंढरं गेली, आता मला वाट घिऊन काय करायचंय? त्या वाटेवरचा कचरा तेवढा उचलीन.

सोमवारी नऊला कामावर येते. तितं धा गावच्या बायका हायत. कुनी इचारलं तर वरच्या वस्तीची हाय म्हून सांगीन, दुसरं काय सांगनार न्हाई. तुमची नोकरी सुखाची ऱ्हाऊ दे. दिवाळीला वस्तीवर येऊ नका, ओवाळायचं ताट म्या मोहिनीला दिऊन टाकलंय.

समोर आलात तर मी सायेब म्हनीन. तुमी भामाबाई म्हना. आक्का म्हनलात तर झाडू तितंच टाकून घरी यीन, आन घरी खायाला काय न्हाई, म्हून म्हनू नका.

भामाबाई
झाडलोट